डीओ डॉक्टरकडची ओएमटी: एका फार्मासिस्टचा अभिप्राय

निकाल आधीच सांगून टाकते. जुनाट कंबरदुखीसाठी डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन ही पदवी असलेल्या) डॉक्टरकडून ओएमटी, म्हणजे हातांनी केली जाणारी ऑस्टिओपॅथिक उपचारपद्धती, घ्यायला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. घरचा डॉक्टर म्हणून डीओ निवडायला पाचपैकी पाच. पण हीच पद्धत दमा घालवते, कानाचं इन्फेक्शन बरं करते, तान्ह्या बाळाचं रडणं थांबवते असं कुणी सांगत असेल, तर त्यासाठी एक डॉलरही देऊ नका. हे तिन्ही निकाल वेगवेगळे का, ते सविस्तर लिहिते, कारण इथे नवीन आलेली आपली मंडळी मला याबद्दल सारखी विचारतात.

मी मूळची कोल्हापूरची, बरीच वर्षं अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात फार्मासिस्ट आहे. दिवसभर काउंटरमागे उभं राहायचं, मान खाली घालून गोळ्या मोजायच्या, खांदा आणि कान यांच्यात फोन धरून डॉक्टरांच्या ऑफिसशी बोलायचं. कंबर उजव्या बाजूने धरायला लागली. खुर्चीतून उठताना पहिली चार पावलं वाकूनच टाकावी लागायची. आयबुप्रोफेनने बरं वाटायचं, पण रक्तदाब वर जायला लागला तशी डॉक्टरांनी ती बंद केली. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झोप येते, आणि झोपाळलेल्या फार्मासिस्टने काउंटरवर उभं राहणं मला मान्य नाही. तेव्हा माझ्या फॅमिली डॉक्टर म्हणाल्या, "मी स्वतः डीओ आहे. हाताने काही करून बघायचं का?"

त्यांच्या नावापुढे डीओ आहे हे मला माहीत होतंच. माझ्या काउंटरवर येणाऱ्या प्रिस्क्रिप्शनांपैकी बरीच डीओंची असतात, आणि एमडीच्या, म्हणजे इथली नेहमीची वैद्यकीय पदवी असलेल्या डॉक्टरच्या, प्रिस्क्रिप्शनपेक्षा ती कशातही वेगळी नसतात. इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, अँटिबायोटिक, शस्त्रक्रियेनंतरची वेदनाशामकं, सगळं तेच. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न: "अगं, पण खरा डॉक्टर आहे ना तो?" आईचा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देते. अमेरिकेतला डीओ हा पूर्ण डॉक्टर असतो. कॉलेजची पदवी, मग चार वर्षं वैद्यकीय महाविद्यालय, मग किमान तीन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घेतलेलं प्रशिक्षण. तो औषधं लिहितो, ऑपरेशन करतो, आयसीयू सांभाळतो. त्यांची परवान्याची परीक्षा वेगळी आहे, पण २०२० पासून डीओ आणि एमडी दोघांच्या रेसिडेन्सीला मान्यता देणारी यंत्रणा एकच झाली आहे. फरक इतकाच की डीओंना अभ्यासक्रमात साधारण दोनशे तास हातांनी तपासणं आणि हातांनी उपचार करणं जास्तीचं शिकवतात.

आता प्रत्यक्ष सेवा. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी पाठीला हात लावण्याआधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. लघवीवर ताबा आहे ना, पायात मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, रात्री दुखण्याने जाग येते का, ताप, वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर, स्टेरॉइडच्या गोळ्या. नंतर गुडघ्यावर आणि टाचेच्या मागे हातोडी, मग आडवं झोपवून पाय सरळ उचलून पाहणं. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडला. कंबरदुखी म्हणून आलेल्या माणसाच्या मणक्यात गाठ किंवा जंतुसंसर्गही असू शकतो, आणि ते ओळखणारा माणूस आणि मालिश करणारा माणूस एकच असणं हा या सेवेचा मोठा फायदा आहे.

मग उभं करून, वाकवून, दोन्ही नितंबांच्या हाडांवर अंगठे ठेवून बघणं. त्या चार गोष्टी शोधतात: स्नायूचा पोत बदललाय का, दोन बाजूंत फरक आहे का, हालचाल कुठे अडते, दाबल्यावर कुठे दुखतं. माझ्या बाबतीत दोष पाठीत कमी आणि पुढच्या बाजूला जास्त निघाला. कण्यापासून पोटाच्या आतून मांडीकडे जाणारा सोअस नावाचा स्नायू उजवीकडे आखडला होता.

उपचार तीन प्रकारचे झाले. पहिल्यात टेबलाच्या कडेला झोपवून उजवा पाय खाली लोंबता ठेवला आणि सांगितलं, "माझ्या हाताविरुद्ध मांडी वर ढकला, अगदी हलक्या जोराने." पाचेक सेकंद ढकलायचं, सोडायचं, की त्या पाय आणखी थोडा खाली नेणार. असं काही वेळा. याला मसल एनर्जी म्हणतात. दुसरा प्रकार इतका सौम्य की सुरुवातीला काही होतंय असं वाटतच नाही. ओटीपोटात एक दुखरा बिंदू शोधून त्यावर बोट ठेवायचं, आणि दोन्ही पाय दुमडून, वळवून अशी जागा शोधायची की तो बिंदू दुखेनासा होईल. तिथे दीड मिनिट थांबायचं आणि अगदी सावकाश परत यायचं. हे काउंटरस्ट्रेन. लॉरेन्स जोन्स या डीओला १९५५ साली ऑरेगनमध्ये ते सापडलं. त्यांचा एक रुग्ण कंबरदुखीने झोपूच शकत नव्हता. निदान रात्री झोप लागावी म्हणून जोन्स यांनी त्याला उशा लावून सोयीच्या स्थितीत ठेवलं आणि ते निघून गेले. परत येऊन बघतात तर माणूस सरळ उभा राहिला. डॉक्टरांनी ही हकीकत दीड मिनिट मला स्थिर ठेवायला सांगितली, आणि मला ती फार आवडली. वर्षानुवर्षं शिकवलेल्या पद्धतीऐवजी समोरच्या माणसाकडे बघून शिकणारा डॉक्टर माझ्या मनात बसतो.

तिसरा प्रकार आवाजाचा. कुशीवर झोपवून, खांदा एकीकडे आणि नितंब दुसरीकडे वळवून एक छोटा झटका, आणि कट्! मला वाटलं हाड जागेवर बसलं. डॉक्टरांनी लगेच सांगितलं की हाड कुठे गेलेलंच नव्हतं. सांध्यातल्या द्रवातल्या वायूच्या पोकळीचा तो आवाज असतो, आणि आवाज आला नाही तरी उपचार वाया जात नाही. या एका स्पष्टीकरणासाठी मी त्यांना आणखी एक तारा दिला असता.

मानेला असा झटका द्यायला मी नकार दिला. मानेच्या झटक्यानंतर मेंदूला रक्त नेणारी धमनी फाटल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. त्या फार विरळ आहेत, पण मानेचं माझं दुखणं इतकं नव्हतं की ती जोखीम घ्यावी. डॉक्टरांनी एका शब्दाने आग्रह केला नाही. मानेवर त्यांनी हलक्या हाताने स्नायू ताणून सोडले, तेवढंच. तुम्हाला कुणी "काही होत नाही हो" म्हणत मान धरली, तर उठून निघून या.

दुसऱ्या दिवशी कंबर थोडी ठणकली, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. नंतरच्या आठवड्यांत खुर्चीतून उठतानाचं वाकणं गेलं. लांब शिफ्टच्या शेवटी अजून दुखतं, पण गोळी घ्यावी लागत नाही. यात ओएमटीचा वाटा किती, सोअस ताणायच्या व्यायामाचा किती, काउंटरमागे टाकलेल्या जाड रबरी मॅटचा किती आणि नुसत्या काळाचा किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. आणि जो डॉक्टर ते अचूक वेगळं करून सांगतो त्याच्यापासून मी दूर राहीन.

चारऐवजी पाच तारे का नाहीत? बिलामुळे. अमेरिकन विम्याच्या यादीत ओएमटीला स्वतःचे कोड आहेत, ९८९२५ ते ९८९२९, शरीराच्या किती भागांवर उपचार झाला त्यानुसार. त्याच भेटीत डॉक्टरांनी तपासणीही केली तर तिचं बिल वेगळं लागतं, आणि तिथे एक जोडकोड लावावा लागतो. माझ्या विमा कंपनीने तपासणीचे पैसे नाकारून ते माझ्या नावावर टाकले. मला हा व्यवहार रोजच्या कामातून कळतो म्हणून मी क्लिनिकला पुन्हा क्लेम पाठवायला लावला आणि तो मंजूर झाला. ज्याला यातलं काही माहीत नाही त्याने मुकाट्याने पैसे भरले असते. ही गोष्ट मला मनापासून खटकते.

उपचार चालू असतानाच मी एका सुट्टीच्या दिवशी कर्क्सव्हिलला जाऊन आले. कोलंबियाहून हायवे ६३ ने उत्तरेला नव्वदेक मैल, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. डीओंची ही सगळी परंपरा या छोट्या गावात सुरू झाली. तिथल्या ए. टी. स्टिल विद्यापीठात ऑस्टिओपॅथिक वैद्यकाचं संग्रहालय आहे. ज्या लाकडी ओंडक्यांच्या खोपटात ऑस्टिओपॅथीचे संस्थापक अँड्र्यू टेलर स्टिल १८२८ साली जन्मले, ते खोपट व्हर्जिनियातून इथे आणून ठेवलं आहे. त्यांनी काढलेल्या पहिल्या शाळेची दोन खोल्यांची इमारतही जपलेली आहे. औषधं विकणाऱ्या बाईने औषधांवर विश्वास गमावलेल्या माणसाचं घर बघायला जावं, यात मला काही विसंगत वाटलं नाही. त्यांच्या काळातली औषधं मी वाचलेली आहेत.

कॅलोमेल घ्या. पाऱ्याचा क्षार, मर्क्युरस क्लोराइड. त्या काळचे डॉक्टर जवळजवळ कुठल्याही आजाराला ते देत. रोग्याच्या तोंडाला लाळेच्या धारा लागल्या की औषध लागू पडलं असं समजत. ती लाळ म्हणजे पाऱ्याची विषबाधा होती. हिरड्या सडायच्या, दात पडायचे. जोडीला अफू, दारू, जुलाब आणि शिरेतून रक्त काढणं. स्टिल यांचे वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि वैद्य, दोन्ही. स्टिल त्यांच्याच हाताखाली हे शिकले. कॅन्ससमध्ये गुलामगिरीविरोधी बाजूने उभे राहिले, यादवी युद्धात लढले. १८६४ साली मेंदूज्वराची साथ घरात शिरली आणि त्यांची तीन मुलं गेली. डॉक्टर बोलावले होते, प्रार्थना झाल्या होत्या, औषधं दिली होती. त्या औषधांनी मुलं वाचणं शक्यच नव्हतं. जिवाणूंवरचं पहिलं खरं औषध यायला अजून कित्येक दशकं होती. मला त्या खोपटापुढे उभं असताना हेच सारखं डोक्यात येत होतं की आज माझ्या शेल्फावर जे सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक आहे, त्याच्या एका कुपीने कदाचित त्या घराचा इतिहास बदलला असता.

स्टिल यांनी मग हाडांचा अभ्यास धरला. लहानपणी डोकं दुखायचं तेव्हा दोन झाडांमध्ये बांधलेल्या दोरीवर मान टेकवून ते पडत आणि दुखणं थांबे, ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. शरीराची रचना बिघडली की त्याचं कामही बिघडतं, आणि रचना सुधारली तर शरीर स्वतःला बरं करतं, हा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी त्यांनी दिलेली तारीख आहे २२ जून १८७४. ज्या बेकर विद्यापीठासाठी त्यांच्या कुटुंबाने जमीन दिली होती, त्याच विद्यापीठाने त्यांना हे विचार मांडायला जागा दिली नाही. पुढच्या वर्षी ते कर्क्सव्हिलला आले. गावोगाव हिंडून उपचार करायचे, आणि लोक त्यांना विजेच्या वेगाचा हाडवैद्य म्हणायचे. आमच्या कोल्हापुरात तालमीत खांदा निखळलेल्या पैलवानाला हाडवैद्याकडे नेलेलं मी लहानपणी पाहिलं आहे, त्यामुळे हे वाचताना मला परकं काही वाटलं नाही. स्टिल यांचं वेगळेपण पुढे आहे. त्यांनी ही विद्या घरात ठेवली नाही. १८९२ साली अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी काढली, एडिंबरोला शिकलेल्या विल्यम स्मिथ या डॉक्टरला शरीररचना शिकवायला घेतलं, आणि पहिल्याच वर्गात स्त्रियांना प्रवेश दिला. १८९२ साली! शाळेच्या सनदेनुसार त्यांना एमडी पदवी देता आली असती, पण त्यांनी मुद्दाम डीओ ही वेगळी पदवी निवडली. गाड्या भरभरून रुग्ण कर्क्सव्हिलला येऊ लागले.

संग्रहालयात मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो एका मज्जासंस्थेपुढे. १९२५ साली इथल्या दोन विद्यार्थ्यांनी एका मृतदेहातून मेंदू, मज्जारज्जू आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या नसा सलग, न तोडता सोडवून काढल्या. दीड हजार तासांहून जास्त काम. जगात असे नमुने मोजकेच आहेत. मी नसांवरची औषधं रोज देते. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन. ती ज्या जाळ्यावर काम करतात ते जाळं असं सबंध पाहिलं नव्हतं. कमरेतून निघून मांडीत उतरणारी सायटिक नस शोधली आणि माझ्या काउंटरवर "पायात कळ जाते हो" म्हणणारी माणसं आठवली. तुम्ही मिझुरीत असाल तर एवढ्यासाठी तरी जा. शाळेतली मुलं बरोबर न्या.

स्टिल औषधांच्या बाबतीत किती बरोबर होते? त्यांच्या काळातल्या बहुतेक औषधांबाबत पूर्ण बरोबर. पुढे काय येणार आहे याबाबत नाही. १९१७ साली ते वारले, तेव्हा पेनिसिलिन सापडलं नव्हतं. त्यांच्या वारसांचा मला आदर वाटतो तो इथे. त्यांनी गुरूच्या शब्दाला चिकटून न राहता पुढच्या दशकांत आपल्या महाविद्यालयांत औषधशास्त्र पूर्णपणे आणलं. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने, म्हणजे वैद्यकीय शाळांच्या पाहणीच्या अहवालाने, त्यांच्या शाळांवर कडक टीका केली होती, ती टीका बरीच खरी होती, आणि त्यांनी शाळा सुधारल्या. ते हट्टाने जुन्याला धरून राहिले असते तर आज डीओ हा दुसऱ्या दर्जाचा उपचारक असता.

मान्यता मात्र इंचाइंचाने मिळाली. व्हरमाँट राज्याने १८९६ साली प्रथम परवाना दिला. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने डीओंना वैद्यकीय अधिकारी म्हणून घेतलं नाही. एमडी आघाडीवर गेले आणि मागे राहिलेल्या कुटुंबांना डीओंनीच सांभाळलं, त्यातले कितीतरी रुग्ण युद्धानंतरही त्यांच्याकडेच राहिले. सैन्याचं दार १९६६ साली उघडलं, आणि पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना मिळायला १९७३ उजाडलं.

यातला कॅलिफोर्नियाचा प्रसंग प्रत्येकाला माहीत असायला हवा असं मला वाटतं. १९६२ साली तिथे एमडी आणि डीओ संघटनांनी विलीनीकरण केलं. सुमारे दोन हजार डीओंनी ६५ डॉलर फी भरून एमडी पदवी घेतली. लॉस एंजेलिसमधलं त्यांचं महाविद्यालय एमडी महाविद्यालय झालं, आणि राज्यात नव्या डीओंना परवाना देणं बंद झालं. विचार करा. काल जो डॉक्टर कमी दर्जाचा होता तो आज ६५ डॉलर भरून बरोबरीचा झाला. ज्ञान तेच, हात तेच, रुग्ण तेच. मग अडवणूक ज्ञानाची नव्हतीच, हे त्या एका व्यवहाराने उघडं केलं. शेवटी १९७४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डीओंचे परवाने पुन्हा सुरू करायला लावले. मधल्या काळात मिशिगनमध्ये सरकारी विद्यापीठाचं पहिलं ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय उभं राहिलं होतं.

आज अमेरिकेतल्या साधारण दर नऊ डॉक्टरांमागे एक डीओ आहे, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांत तर एक चतुर्थांशाहून जास्त. निम्म्याहून अधिक डीओ फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, बालरोग अशा प्राथमिक सेवेत जातात. मिझुरीच्या लहान गावांत याचा अर्थ मला फोनवर कळतो. जिथून जवळचं मोठं हॉस्पिटल तासाभराच्या अंतरावर आहे, तिथून मधुमेहाच्या पेशंटचा डोस ठरवायला फोन येतो तो बहुतेक वेळा डीओंचा. बायडेन आणि ट्रम्प या दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळात व्हाइट हाउसचे डॉक्टर डीओ होते, हे आईला सांगितलं तेव्हा तिचं समाधान झालं. माझं समाधान २०२३ सालच्या एका अभ्यासाने झालं. हॉस्पिटलात भरती झालेल्या लाखो वृद्ध रुग्णांची तुलना केली. एमडींकडे तीस दिवसांतले मृत्यू ९.४ टक्के, डीओंकडे ९.५. म्हणजे फरक नाही. घरचा डॉक्टर निवडताना त्या दोन अक्षरांकडे बघू नका. डॉक्टर तुमचं ऐकून घेतो का, वेळेवर फोन उचलतो का, ते बघा.

ओएमटीचा पुरावा मात्र तेवढा ठाम नाही, आणि ते लपवायचं कारण नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९९९ साली कंबरदुखीच्या दीडशेहून जास्त रुग्णांचा अभ्यास आला. बारा आठवड्यांनंतर नेहमीचे उपचार आणि ऑस्टिओपॅथिक उपचार, दोन्ही गट सारखेच सुधारले. पण ऑस्टिओपॅथिक गटाला औषधं लक्षणीय कमी लागली. वेदना तेवढीच कमी झाली, तर मग त्या उपचाराचा उपयोग काय, असं काहीजण विचारतात. मी काउंटरच्या या बाजूने बघते. कंबरदुखीपासून सुरू झालेल्या ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गातल्या, सवय लावणाऱ्या गोळ्यांनी या राज्यात किती घरं पोखरली ते मी पाहिलं आहे. त्या गोळ्यांची राज्यभर नोंद ठेवण्याचा कायदा सगळ्यात शेवटी करणारं राज्य आमचंच, तोही २०२१ मध्ये. वृद्ध माणसाच्या किडन्या आणि जठर आयबुप्रोफेनने बिघडू शकतात. तेवढंच बरं वाटणार असेल आणि गोळ्या कमी लागणार असतील, तर माझ्यासाठी तो मोठा उपयोग आहे. उलट बाजूही सांगते. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये चारशे रुग्णांवर खऱ्या उपचाराची तुलना खोट्या, नुसत्या हात ठेवण्याच्या उपचाराशी केली. फायदा निघाला, पण इतका लहान की रोजच्या आयुष्यात जाणवेल याची खात्री नाही. म्हणून माझे तारे चार आहेत आणि तेही कंबरेपुरते.

कवटीच्या ऑस्टिओपॅथीला मी तारा देत नाही. विल्यम सदरलँड हे कर्क्सव्हिलचे १९०० सालचे पदवीधर. कवटीची हाडं श्वासासारखी एका लयीत हलतात आणि ती लय हाताने ओळखून दुरुस्त करता येते, ही त्यांची कल्पना. पण एकाच माणसाच्या डोक्यावर दोन प्रशिक्षित हात ठेवले तर दोघांना वेगवेगळी लय लागते, हे चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जे मोजणाऱ्यागणिक बदलतं त्यावर उपचाराचा डोस कसा ठरवणार? एका ठिकाणी, नाव देत नाही, तान्ह्या बाळाच्या पोटदुखीसाठी हे उपचार असल्याचं पत्रक ठेवलं होतं. पहिलटकरीण आई रात्र रात्र जागी असते, ती काहीही करायला तयार होते. तिच्याकडून पैसे घेणं मला अजिबात पटत नाही.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मी वर लिहिलेलं सगळं अमेरिकेतल्या डीओंबद्दल आहे. अमेरिकेबाहेरचा ऑस्टिओपॅथ हा वेगळा व्यवसाय आहे. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथची अधिकृत नोंदणी होते, पण तो औषधं लिहिणारा डॉक्टर नसतो. पुण्या-मुंबईत जी ऑस्टिओपॅथीची पाटी दिसते तिच्यामागे बऱ्याचदा जास्तीचं प्रशिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट असतात. त्यांतले कितीतरी चांगलं काम करतात. माझी पुण्याची मावसबहीण अशाच एका ठिकाणी जायचं म्हणत होती. तिला मी सांगितलं, मूळ पदवी आणि नोंदणी कुठली ते स्पष्ट विचार, आणि डाव्या पायाला मुंग्या येतात म्हणतेस तर आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखव. तिने दाखवलं, चकती सरकलेली निघाली, आता त्यांच्या सल्ल्याने ती फिजिओ घेते आहे.

अमेरिकेत अपॉइंटमेंट घेणार असाल तर नावापुढे डीओ आहे एवढ्यावर जाऊ नका. बहुतेक डीओ रोजच्या कामात ओएमटी फारच कमी वापरतात, काही तर अजिबात नाही. फोनवरच विचारा: डॉक्टर ओएमटी करतात का, त्यासाठी वेगळी वेळ लागते का, अर्धा तास मिळेल का, आणि माझा विमा तपासणी आणि ओएमटी एकाच दिवशी दोन्ही देतो का. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, रक्त पातळ करणारी गोळी किंवा ऑस्टिओपोरोसिस असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. सैल कपडे घालून जा, आणि त्या दिवशी जड सामान उचलायचं काम ठेवू नका.